शिफ्ट, कान आणि डोंगरातला रॉक महोत्सव

२०१६ च्या डिसेंबरात एनएच सेव्हन वीकेंडर हिंजवडीजवळच्या लाइफ रिपब्लिकच्या माळावर भरला, स्टीव्हन विल्सन तिथे वाजवून गेला, आणि पिंपरी-चिंचवडकरांना मोठा रॉक महोत्सव अगदी दाराशी मिळाला. हा महोत्सव सुरू झाला २०१० साली, कोरेगाव पार्कात. पुढे २०१७ मध्ये स्टीव्ह वाय, २०१८ मध्ये जो सॅट्रिआनी आणि २०१९ मध्ये स्वीडनचा ओपेथ हा मेटल बँड पुण्यात येऊन गेला. भोसरी, तळवडे, म्हाळुंगे, चाकण या पट्ट्यात भाड्याच्या खोल्यांतून राहणारी, आयटीआय किंवा डिप्लोमा करून टूलरूममध्ये, प्रेस शॉपमध्ये, असेंब्ली लाइनवर लागलेली कितीतरी मुलं-मुली कंपनीच्या बसमध्ये कानात मेटल लावून बसलेली असतात. त्यांना आता पुढची ओढ लागली आहे ती डोंगरातल्या महोत्सवाची. तंबूत राहायचं, धुक्यात उभं राहून गिटार ऐकायची. ही ओढ रास्त आहे, आणि थोडी तयारी केली तर पगारात बसणारीही आहे. हा लेख अशा वाचकांसाठी आहे.

आधी जायचं कुठे ते ठरवू. डोंगरात तंबू ठोकून चार दिवस रॉक ऐकायचं असेल तर अरुणाचल प्रदेशातला झिरो महोत्सव हे पहिलं नाव. बॉबी हानो आणि अनुप कुट्टी यांनी तो २०१२ मध्ये सुरू केला. सप्टेंबरच्या अखेरीस, आपातानी लोकांच्या भातखाचरांच्या कडेला, बांबूच्या रंगमंचावर तो होतो. झिरोचं खोरं दीड हजार मीटरहून उंच, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही वर. इथे सगळं मेटल मिळणार नाही; रॉक, लोकसंगीत, प्रयोग करणारे बँड असा सगळा मेळ असतो. दुसरा पर्याय नागालँडचा हॉर्नबिल महोत्सव. १ ते १० डिसेंबर या काळात कोहिमाजवळच्या किसामा इथे तो भरतो आणि त्याच्या जोडीला होणाऱ्या रॉक स्पर्धेनं ईशान्येतल्या अनेक बँडना व्यासपीठ दिलं. ईशान्येत मेटल मुरलेलं आहे. शिलाँगचा प्लेग थ्रोट हा डेथ मेटल बँड २०१४ मध्ये जर्मनीतल्या वाकेनपर्यंत जाऊन पोहोचला. तुमची आवड कडक मेटलचीच असेल तर मात्र डोंगराचा हट्ट थोडा बाजूला ठेवून बंगळूर ओपन एअर गाठावं. तो २०१२ पासूनचा, खास मेटलचा.

माझं मत विचाराल तर पहिला महोत्सव घराजवळचा करा. पुणे-मुंबईतला एखादा दिवसभराचा कार्यक्रम, रात्री घरी परत. गर्दी, आवाज, उभं राहून दुखणारे पाय, हे सगळं अंगाला माहीत झालं की पुढच्या वर्षी झिरो. ज्यांनी पहिल्यांदाच थेट चार दिवसांचा तंबू निवडला, त्यांतले बरेच जण तिसऱ्या दिवशी संगीत सोडून झोपायला जागा शोधत असतात.

झिरोचा प्रवास लांबचा आहे आणि पैसा जास्त तिथेच जातो. पुण्याहून गुवाहाटीला विमान, किंवा मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कामाख्याला जाणारी रेल्वे. रेल्वेनं दोन दिवस मोडतात. गुवाहाटीहून रात्रीची डोन्यी पोलो एक्स्प्रेस नाहरलगुनला सोडते, आणि तिथून आपल्याकडच्या वडापसारखी चालणारी सुमो चार-पाच तासांत झिरोला पोहोचवते. रस्ता घाटाचा, पावसात दरड कोसळू शकणारा, म्हणून जाता-येता एक-एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवावा. अरुणाचल आणि नागालँड दोन्हीकडे आपल्याला इनर लाइन परमिट लागतो. तो ऑनलाइन मिळतो. अर्ज निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधीच करा, आणि त्याची कागदी प्रत जवळ ठेवा, कारण तपासणी नाक्यावर मोबाइलला रेंज असेलच असं नाही. आधारकार्डावरचं नाव आणि परमिटवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळायला हवं.

तिकिटाच्या आधी सुट्टी. हे उलटं केलं की पैसे बुडतात. भोसरी-पिंपरी पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि बहुतेक महोत्सव शुक्रवार ते रविवार. म्हणजे तुमचा वीकली ऑफ इथे कामाला येत नाही. महिनाभर आधीपासून एखाद्या गुरुवारी किंवा सणाला काम करून सी-ऑफ साठवावेत, शिफ्ट बदलून घेणारा सहकारी आधीच गाठावा आणि सुपरवायझरकडून होकार लेखी, निदान मेसेजवर तरी घ्यावा. ठेकेदाराकडे असणाऱ्यांचा प्रश्न अवघड आहे. त्यांचा खाडा पडतो आणि तेवढ्या दिवसांचा पगार जातो. त्यांनी महोत्सवाच्या खर्चात तिकीट, प्रवास यांच्या जोडीला बुडालेली हजेरीही मोजावी. ती धरूनही परवडत असेल तरच निघावं.

आता मुद्द्याची गोष्ट, कान.

प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्याला आवाजाचे आकडे मी सांगावेत असं नाही. ते भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेले असतात. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे. आवाज ९५ वर गेला तर चार तास, १०० वर गेला तर दोनच तास. मेटलच्या कार्यक्रमात रंगमंचापुढे १०० डेसिबल सहज ओलांडले जातात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी जे मानक जाहीर केलं, त्यात पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. म्हणजे ज्या आवाजात कंपनी तुम्हाला इअरप्लगशिवाय आत सोडणार नाही, तसल्या आवाजात तुम्ही तिकीट काढून सहा-सात तास उघड्या कानांनी उभे राहता.

आणि कान दोन वेगळी खाती ठेवत नाहीत. दिवसभर पॉवर प्रेसचा ठोका, संध्याकाळी डबल बास ड्रमचा ठोका, दोन्ही एकाच खात्यात जमा होतात. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या ज्या केसपेशी असतात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. गणपतीत ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्यांनी तर हे जास्तच मनावर घ्यावं. लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीत सीओईपीचे विद्यार्थी दर वर्षी आवाज मोजतात आणि कित्येक वर्षं ही सरासरी शंभरीच्या आसपास आली आहे. प्रेस शॉप, पथक आणि मेटल, असं तिन्ही करणारी मुलं आपल्या शहरात आहेत. पंचविशीत त्यांना घरातल्या टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो.

उपाय स्वस्त आहे आणि तुमच्या लॉकरमध्येच पडलेला आहे. फोमचे इअरप्लग. आकडेमोड बघा. आरोग्य संघटनेचा हिशेब असा की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, आणि दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला आठवडाभराचा कोटा वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. प्लगनं खरोखरीचे १५ डेसिबल जरी कमी झाले, तरी कानाला ८५ पोहोचतात आणि कोटा साडेबारा तासांवर जातो. दोन संध्याकाळी जेमतेम निघतात, अट इतकीच की त्या आठवड्यात कारखान्यातही प्लग कानात राहिले पाहिजेत. पाकिटावर छापलेल्या आकड्यावर मात्र विसंबू नका. तो प्रयोगशाळेतला असतो. घाईत घातलेला प्लग त्याच्या निम्मंही काम करत नाही.

घालण्याची रीत बहुतेक जण चुकवतात, म्हणून सावकाश सांगतो. हात स्वच्छ करा. ग्रीस किंवा कूलंट लागलेल्या बोटांनी प्लगला हात लावू नका. प्लग दोन बोटांत फिरवत फिरवत बारीक, सुरकुती नसलेली वळी करा. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून मागे नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि किंचित मागे ओढा, म्हणजे आतली वाकडी नळी सरळ होते. मग उजव्या हातानं वळी आत सारा आणि बोटाच्या टोकानं वीस-तीस सेकंद तशीच दाबून धरा. फोम आत फुगतो. नीट बसला की स्वतःचा आवाज घशातून, घुमल्यासारखा येतो. प्लगचं टोक आरशात समोरून दिसत असेल तर तो बाहेरच राहिला आहे, काढून पुन्हा घाला.

फोममुळे झांजांची झिलई आणि गायकाचे शब्द बोथट होतात, ही तक्रार खरी आहे. संगीतासाठी वेगळे प्लग मिळतात, ते सगळे सूर सारखेच खाली आणतात. किंमत हजाराच्या घरात जाते, पण काही वर्षं टिकतात. वर्षातून तीन-चार कार्यक्रम करणाऱ्यानं ते घ्यावेत. शिवाय उभं राहण्याची जागा बदलूनही फरक पडतो. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंच्या स्पीकरांच्या तोंडाशी आणि पुढच्या कठड्यापाशी, जिथे सबवूफर जमिनीवर मांडलेले असतात, तिथे आवाज सर्वांत जास्त आणि सर्वांत गढूळ. मैदानाच्या मध्यावर मांडव घालून ध्वनिसंयोजक मिक्सरवर बसलेला असतो. त्याच्या आसपास उभं राहा. तो जे ऐकून बँडचा आवाज जुळवतो तेच तुम्हाला ऐकू येतं. आवडत्या बँडच्या दोन गाण्यांपुरतं पुढे जावं, बाकीचा वेळ इथे. तासाभरानं एकदा आवाजापासून लांब, खाण्याच्या टपऱ्यांकडे पंधरा मिनिटं काढावीत.

कार्यक्रमानंतर कानात किर्रर्र वाजत राहणं हे जखमेचं लक्षण आहे. रात्रभरात ते थांबलं तरी नुकसान झालंच नाही असं होत नाही. दुसऱ्या दिवशीही थांबलं नाही, किंवा एका कानानं कमी ऐकू येऊ लागलं, तर एक-दोन दिवसांत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी उपचार जितके लवकर तितका उपयोग जास्त. पिंपरीत संत तुकारामनगरला यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, तिथे हा विभाग आहे.

पिटकडे वळू. मॉश पिट, म्हणजे रंगमंचापुढे एकमेकांवर आदळत नाचणाऱ्यांचा गोल, बाहेरून मारामारी वाटतो. आतले नियम कडक असतात आणि ते न सांगता पाळले जातात. कोणी पडलं की आजूबाजूचे चार हात लगेच खाली जातात, काखेत धरून त्याला उभं करतात, तोवर मागचे पाठ करून गर्दी अडवतात. कोणाचा चष्मा, बूट, मोबाइल सापडला की तो उंच धरून उभं राहायचं. कोपर बाहेर काढून फिरायचं नाही. ज्याला आत यायचं नाही त्याला ओढायचं नाही. मुलगी पिटमध्ये आली म्हणून तिला हात लावण्याची मुभा कोणाला मिळत नाही, आणि असं काही दिसलं तर बघ्याची भूमिका घेऊ नका, त्या माणसाला बाहेर काढा आणि सुरक्षारक्षकाच्या हवाली करा. पहिल्यांदा जाणाऱ्यानं पिटच्या कडेला उभं राहून दोन गाणी नुसतं बघावं. दम लागला की गोलातून बाहेर यायचा रस्ता कुठे आहे ते आधी हेरून ठेवावं.

एक गोष्ट खास आपल्या पट्ट्यासाठी. कंपनीचे सेफ्टी शूज घालून पिटमध्ये जाऊ नका. पुढे पोलादी टोपी असते. तुमची बोटं वाचतात, दुसऱ्याची मोडतात. काही ठिकाणी असे बूट प्रवेशद्वारावरच अडवले जातात. साधे, घोटा धरणारे, नाडीचे बूट घाला आणि नाडीची दुहेरी गाठ मारा. चपला, सँडल अजिबात नको.

पिटपेक्षा भीती बाळगावी ती दाटीची. २०२१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोवर्ल्ड महोत्सवात पुढच्या गर्दीत दबून दहा जण गेले. आपल्या जवळचं उदाहरण कोचीचं. २५ नोव्हेंबर २०२३ ला तिथल्या विद्यापीठाच्या खुल्या प्रेक्षागृहातल्या कार्यक्रमाला पाऊस सुरू झाला, बाहेरचे लोक आडोशासाठी आत घुसले आणि पायऱ्यांवर चौघांचा जीव गेला. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टनच्या पुलावर २३ जण गेले, तेव्हाही पाऊसच होता. यातून घ्यायचं ते हे: पाऊस आला की गर्दी अरुंद जागेकडे धावते, आणि माणसं मरतात ती तिथे. म्हणून पाऊस सुरू होताच दरवाजा, जिना, मांडव यांच्याकडे पळू नका. रेनकोट अंगावर चढवा आणि मोकळ्यावर भिजत थांबा. गर्दीत हात हलवता येईनात, गर्दीच तुम्हाला नेऊ लागली, तर दोन्ही हात छातीपुढे आडवे धरून श्वासापुरती जागा राखा, ओरडण्यात दम घालवू नका, लोंढ्याच्या उलट जोर लावू नका. लाट ओसरली की तिरके तिरके कडेला सरका. पडलेली वस्तू उचलायला वाकू नका.

डोंगरातली हवा हा वेगळाच विषय आहे. चाकणला वाढलेल्याला ऊन आणि धूळ माहीत असते. थंडीत ओलं होणं माहीत नसतं. झिरोला सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस असतोच, आणि रात्री ओल्या कपड्यांत उभं राहिलं तर हुडहुडी भरते. काळा सुती टी-शर्ट हा मेटलवाल्यांचा गणवेश. पण सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगातली ऊब खेचून घेतं. आत लवकर वाळणारं खेळाडूंचं बनियन, वर टी-शर्ट, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात वर पाणी न शिरणारा रेनकोट. छत्र्या बहुतेक महोत्सवांत आत नेऊ देत नाहीत, आणि मागच्याच्या डोळ्यात काडी जाते म्हणून नेऊही नयेत. झोपायचे कपडे आणि मोज्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून वेगळा ठेवा, काही झालं तरी तो दिवसा काढायचा नाही. चिखलासाठी गमबूट उत्तम. वाकेनसारख्या जगातल्या मोठ्या मेटल महोत्सवालासुद्धा २०२३ मध्ये चिखलामुळे हजारो तिकीटधारकांना परत पाठवावं लागलं होतं.

विजेला घाबरा. उघड्या माळावर लोखंडी रंगमंच हा परिसरातला सर्वांत उंच सांगाडा असतो. पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं बनवलेलं दामिनी हे ॲप मोबाइलवर घेऊन ठेवा. वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर ते कळवतं. रेंज नसेल तर मोजा: चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत दर तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्की इमारत किंवा बंद मोटार-बस गाठा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. तंबू, झाड, रंगमंचाचे खांब, तारेचं कुंपण यांच्याजवळ थांबू नका. बँड वाजवत राहिला तरी तुम्ही निघा.

तंबूची जागा उजेडी निवडा. खोलगट भाग मऊ आणि वाऱ्यापासून आडोशाचा दिसतो, पण पाणी तिथेच साचतं आणि थंड हवाही तिथेच उतरते. किंचित उताराची, ताठ गवताची जागा बघा, डोकं चढाकडे ठेवा. तंबूच्या खाली अंथरायचं प्लॅस्टिक तंबूच्या कडेबाहेर येऊ देऊ नका, नाहीतर त्यावर पडलेलं पाणी थेट पाठीखाली जातं. हिवाळ्यात पवना धरणाच्या काठी राहिलात तर सकाळी तंबूच्या आतूनही थेंब गळतील. तो पाऊस नसतो, दव आणि तुमच्याच श्वासाची वाफ असते. दोन्ही बाजूंच्या चेन चार बोटं उघड्या ठेवल्या की ते बरंच कमी होतं. तंबूत शेगडी किंवा कोळसा पेटवू नका, धूर दिसत नसला तरी त्याचा वायू झोपेत जीव घेतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. ओआरएसची चार पाकिटं, रोजची औषधं, साधा बटणांचा मोबाइल, पॉवर बँक, डोक्याला लावायचा दिवा, धुळीसाठी मोठा रुमाल. गर्दीत इंटरनेट बंद पडतं, साधा एसएमएस जातो. म्हणून हरवलं तर कुठे भेटायचं ती जागा आणि वेळ तोंडी ठरवा. फिट येण्याचा त्रास असेल तर लुकलुकणाऱ्या दिव्यांपासून लांब राहा आणि सोबतच्यांना सांगून ठेवा. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५ पूर्ण लागतं, वयाचा पुरावा दारावर मागतात. अनोळखी माणसानं दिलेली गोळी घेऊ नका. तिकीट अधिकृत ठिकाणीच काढा. ग्रुपवर आलेला क्यूआर कोडचा फोटो दहा जणांना विकलेला असू शकतो.

आपल्या सह्याद्रीतल्या छोट्या कार्यक्रमांबद्दल दोन शब्द. पवना, कामशेत, मुळशी या बाजूला खासगी कॅम्पवर बँड वाजवतात. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सरकारनं जाहीर केलेल्या, वर्षातल्या जास्तीत जास्त पंधरा दिवशी तेवढी मध्यरात्रीपर्यंत सवलत. या नियमांची झळ रॉकला पूर्वीच बसली आहे: १९८६ पासून इंडिपेन्डन्स रॉक महोत्सवाचं घर असलेलं मुंबईचं रंगभवन शांतता क्षेत्रात आलं आणि तिथले कार्यक्रम थांबले. म्हणून रात्रभर वाजणार अशी जाहिरात करणाऱ्या कॅम्पवर पैसे भरू नका. एक तर ती खोटी असते, नाहीतर पोलीस येऊन मध्येच बंद पाडतात आणि पैसे परत मिळत नाहीत. डोंगरातल्या गावाला दहानंतर झोप लागते, त्यांची गुरं असतात, म्हातारी माणसं असतात. दहाला थांबणारा आयोजकच चांगला आयोजक. आणि पवनेच्या पाण्यात रात्री, दारू पिऊन, पोहता येत असलं तरी उतरू नका. तिथे दर काही महिन्यांनी कोणी ना कोणी बुडतं.

शेवटचा टप्पा परतीचा, आणि मला सगळ्यात काळजी वाटते ती याची. पुण्यातला कार्यक्रम रविवारी रात्री दहाला संपतो, मुलं दुचाकीवर टांग टाकतात, नाशिक हायवेनं मोशी ओलांडून चाकणच्या तळेगाव चौकात पोहोचेपर्यंत मध्यरात्र होते, आणि सकाळी पहिल्या शिफ्टला उभी राहतात. तीन रात्री अर्धवट झोप झालेला माणूस दारू प्यायलेल्यासारखाच चुकतो. प्रेसच्या डायमध्ये हात राहायला क्षणभराची डुलकी पुरते. दुचाकी घरी ठेवा. मेट्रो, लोकल किंवा पीएमपीची शेवटची गाडी किती वाजता ते आधी पाहून ठेवा, नाहीतर चौघांत मिळून गाडी करा. महोत्सवानंतरचा दिवस सुट्टीच्या अर्जात आधीच धरा. तो मिळत नसेल तर रविवारचा शेवटचा बँड सोडा आणि आठला निघा.

कंपनीच्या वार्षिक ऑडिओमेट्रीचंही लक्षात असू द्या. ती चाचणी किमान चौदा तास शांततेत काढलेल्या कानांवर करायची असते. महोत्सवाच्या दुसऱ्याच दिवशी तारीख आली असेल तर ती पुढे ढकलून मागा, आणि चाचणी झाली की आलेख असलेल्या कागदाची प्रत मागून घरी ठेवा. तो तुमच्या कानांचा अहवाल आहे, मागायचा तुम्हाला हक्क आहे. ४,००० हर्ट्झपाशी रेघ खाली घसरलेली दिसली तर आवाजानं कान खायला सुरुवात केली आहे असं समजा, आणि पुढचं तिकीट काढण्याआधी डॉक्टरांची वेळ घ्या.